शालूबाई मुराळी जाते

शालूबाई बाळंत व्हायला दवाखान्यात गेली ती अजून घरी आलेली नाही, असं आमच्या गावात म्हणतात. त्या गोष्टीला तीस-एक वर्षं होऊन गेली. पोरगी झाली, पोरगी शाळेत गेली, पोरीचं लग्न झालं, नवरा केरबा म्हातारा झाला, तरी शालूबाई आपली दवाखान्यातच. केरबाला विचारा, "मालकीण कुटं हाय रं?" तो कानावरची विडी चाचपत सांगणार, "बाळंतिणीच्या खोलीत." ऐकणारा परगावचा असला की "वा वा, या वयात!" म्हणून त्याच्या पाठीवर थाप मारणार. केरबा लाजतो.

दवाखाना म्हणजे फार मोठं काही डोळ्यांपुढं आणू नका. इंद्रायणीच्या अंगाला, रेल्वेच्या रुळांपासून आत, आमच्या वेशीवर सहा खाटांचं बाळंतिणींचं घर. भिंती सरकारच्या, जागा भिमाजी आबांच्या वडिलांची आणि दगडमाती गावानं डोक्यावरून वाहिलेली. मागं पत्र्याच्या पडवीत एक चूल, चुलीवर तांब्याचा हंडा. ती चूल शालूबाईची. बाळंतिणीला कढत पाणी, बाळाला कोमट पाणी, तेल लावायचं, पाय लांब करून बाळाला त्यावर घ्यायचं आणि न्हाऊ घालता घालता त्याच्या अख्ख्या खानदानाचा उद्धार करायचा, ही तिची कामं. "नाक बगा, आज्याचंच. आजाबी असाच दुसऱ्याच्या घरात खुपसायचा." बाळ टाहो फोडायचं, बाळंतीण टाके धरून हसायची. गावातल्या निम्म्या बातम्या मला या पडवीत मिळाल्यात. उरलेल्या निम्म्या मी तिथं नेऊन दिल्यात.

खरी सत्ता मात्र सिस्टर तेजल यांची. नगरकडची मुलगी, बोलणं मोजकं. नाळ पडेपर्यंत अंघोळ नाही, धुरी नाही, नाकाकानात तेल नाही, टाळू भरणं नाही. शालूबाई सगळ्याला "बरं बाई" म्हणते आणि बहुतेक ऐकते. फक्त टाळूवर तेल घालताना सिस्टरांकडं पाठ करून बसते, आणि सिस्टर तेवढ्यापुरत्या खिडकीबाहेर बघतात.

आता ती तिथं अडकली कशी, ते सांगतो. शालू आमच्या गावात सून होऊन आली तेव्हा तिला आईबाप नव्हते. चुलत्यानं वाढवली आणि उजवून मोकळा झाला. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आमच्याकडचा रिवाज. सातव्या महिन्यात माहेरचा माणूस फडक्यात टोपली बांधून न्यायला येतो. टोपलीत करंज्या, लुगडं, खण. त्या माणसाला मुराळी म्हणायचं. भाऊ येतो, बाप येतो, नाहीतर मामा. शालूला कुणी आलं नाही. सातवा गेला, आठवा गेला. रोज दुपारी ती भांडी घ्यायची आणि ओट्यावर बसायची, तिथून फाट्याचा रस्ता दिसतो. घासलेली भांडी पुन्हा घासायची. सासू म्हणायची, "अगं, भगुन्याला भोक पडंल." शेवटी कळा सुरू झाल्यावर केरबानं तिला बैलगाडीत घालून या दवाखान्यात आणलं. तेव्हाच्या म्हाताऱ्या सिस्टरनं तिला पोटच्या पोरीसारखं न्हाऊमाखू घातलं, पाठ शेकली, डोक्याला फडकं बांधलं. दिवस भरल्यावर शालू पोरगी घेऊन घरी गेली आणि दुसऱ्या सकाळी परत दारात उभी. "पाणी तापवाया बाई पायजे का?"

ती पोरगी म्हणजे राजेश्वरी. सगळे राजी म्हणतात. वलवणला दिली. जावई प्रदीप धरणाजवळच्या एका बंगल्याची देखभाल करतो, शनिवार-रविवारी येणाऱ्या पाहुण्यांना पोहे आणि गरम पाणी देतो. मुलगा चांगला. पण लग्नाला वर्षं लोटली तरी पाळणा हलला नव्हता. नवस झाले, औषधं झाली. इथं दर आठवड्याला दुसऱ्यांची बाळं पायांवर घेणाऱ्या शालूबाईला कुणी राजीचं विचारलं की ती हंड्याखाली फुंकर मारायला वाकायची. धूर डोळ्यांत जायचा. बरं पडायचं ते.

मागच्या दिवाळीनंतर राजीचा फोन आला. शालूबाईनं कुणाला काही सांगितलं नाही. केरबानं मात्र मला सांगितलं, म्हणजे संध्याकाळपर्यंत गावाला कळलं. मी पडवीत गेलो तर बाई चुलीपुढं बसून एकटीच हसत होती. मला म्हणाली, "भाऊ, राजीचं बाळंतपन आखाडात हाय. हितंच करनार. माज्या हातचं पानी, माज्या पायांवर. मला दुसरं कायबी नको."

आणि त्याच पंधरवड्यात वरून निरोप आला की आमचा दवाखाना बंद होणार. दिवसा डॉक्टर येऊन गोळ्या देतील, बाळंतपणं नाहीत. खाटा दुसरीकडं, सिस्टरांची बदली. कारण खाटा रिकाम्या राहतात. खोटं नव्हतं ते. आमच्या पोरीसुनांना तळेगावकडचे काचेचे दवाखाने आवडायला लागले होते. तिथं लिफ्ट असते, आणि बाळाच्या पावलाचा ठसा चौकटीत घालून देतात.

देवळाच्या मंडपात सभा भरली. भिमाजी आबा उठले. आबा गावचे मोठे जमीनदार, आणि माईक दिसला की त्यांच्या अंगात येतं. "रास्ता रोको करू! एक्सप्रेसवे बंद पाडू!"

मागून कुणीतरी म्हणालं, "आबा, त्यो आपल्या डोक्यावरनं जातोय. चढायचं कसं?"

हसं विरलं तशी बायकांच्या बाजूनं शालूबाई उभी राहिली. "आबा, रस्ता आडवल्यावर बाळंतिणी यायच्या कश्या? खाटा रिकाम्या म्हनून बंद होतोय न्हवं? मंग तुमच्या नातसुनंचं बाळंतपन कुटं झालं?"

आबा खोकले. "तळेगावला."

"पावलाचा ठसाबी झ्याक आलाय. टीव्हीच्या वर लावलाय. म्या बगितला." मंडप पुन्हा हसला. ती हसली नाही. "मोर्चाबिर्चा ऱ्हाऊ द्या. पोरी आना. पयलं बाळंतपन माहेरी करायचा रिवाज हाय का मोडलाय? घरटी मुराळी धाडा."

गावाला ते एकदम पटलं, कारण त्यात भाषणाला वाव नव्हता. विकास हा डोंगरावरच्या ठाकरवाडीतला पोरगा, जीप चालवतो. त्यानं जीप दवाखान्याच्या दारात लावायचं कबूल केलं. बायकांनी बाळंतिणीच्या ताटाच्या पाळ्या लावल्या: बाजरीची भाकरी, तूप, मेथीची भाजी, अळिवाची खीर. पोरांनी भिंतींना चुना दिला. आणि टोपल्या निघाल्या. इंदुरीहून आमच्या दोन लेकी आल्या, भाजे गावाहून एक आली.

इथं गावाचं गणित चुकलं, आणि अशी चूक मावळातच होऊ शकते. आमच्याकडं सोयरीक चार कोसांच्या आत. आमची लेक ती इंदुरीची सून, इंदुरीची लेक ती आमची सून. आम्ही टोपल्या घेऊन गेलो हे बघून त्यांच्याही रिवाजाला जाग आली. यांना तेवढ्या लेकी, आम्हाला नाहीत काय? सकाळी आमची जीप एक पोटुशी घेऊन यायची, संध्याकाळी त्यांची जीप एक घेऊन जायची. फाट्यावर दोन्ही मुराळी एकमेकांना रामराम घालायचे. महिन्याभरात ज्यांना न्यायला कुणी होतं त्या झाडून सगळ्या पोटुश्या सुना माहेरी गेल्या, आणि त्यांच्या माहेरवाल्यांनी त्यांना थेट काचेच्या दवाखान्यात नेलं. खाटा होत्या तेवढ्याच रिकाम्या. केरबा म्हणाला, "टोपल्या इकून बुरुडाचं तेवडं कल्यान झालं."

शालूबाई दोन दिवस चुलीपुढून हलली नाही. तिसऱ्या दिवशी आमच्या घरी आली आणि माझ्या बायकोला म्हणाली, "वैनी, समोरच्या सविताला लेक माना."

समोरच्या ओंकारची बायको सविता. पोटुशी, आणि अजून गावातच होती. शालूबाईचं म्हणणं सरळ होतं. माहेर काही एका गावाला खिळलेलं नसतं. ज्या सुनांना न्यायला कुणी येत नाही, त्यांना शेजारच्या घरानं लेक म्हणून न्यायचं. रीतसर, मुराळी धाडून. बाळंतपण इथं, सव्वा महिना त्या मानलेल्या माहेरी. सासूनं तिथं पाव्हणी म्हणून यायचं, चहा घ्यायचा, जायचं. हे सासवांना पटायला वेळ लागला. सुनांना अजिबात लागला नाही.

तर मी मुराळी झालो. धुतलेली टोपी घातली, टोपली घेतली आणि आमच्या दारातून निघून गल्ली ओलांडली. ओंकारचं कुत्रं मला रोज बघतं, पण त्या दिवशी टोपली बघून भुंकलं. गल्लीतली पोरं दात काढत उभी. मी ओसरीवर बसलो, पाणी प्यालो, "प्रवास कसा झाला?" असं ओंकारच्या आईनं गंभीरपणे विचारलं, "रस्ता लय खराब," असं मी सांगितलं. सगळे हसत होते. सविता पिशवी घेऊन बाहेर आली, टोपलीकडं बघितलं आणि एकाएकी रडायला लागली.

"काय झालं गं?" माझी बायको धावली. "चार पावलांवर तर जायचंय."

"काय न्हाई," सविता म्हणाली. "आमचे अण्णा असते तर त्येच आले असते."

मग कुणी हसलं नाही. शालूबाई कोपऱ्यात उभी होती. तिनं टोपली माझ्या हातून घेतली आणि गल्ली ओलांडेपर्यंत स्वतःच धरली.

एका घरानं केलं की गाव करतं. पण मंगलपाशी गाडं अडलं. मंगल ही विकासची बायको. तिचं माहेर घाटाखाली कोकणात, येणारं कुणी नाही. वाडीतल्या बायका बहुतेक घरीच बाळंत व्हायच्या, किंवा जीप खाली पोचेपर्यंत रस्त्यात. मंगलला लेक कोण मानणार, म्हटल्यावर पाटीलकीच्या घरांत सगळ्यांना एकदम कामं आठवली. वाडीची माणसं यांच्याच खाचरांत भातलावणीला येतात. त्यांच्या दारी टोपली घेऊन जायचं म्हणजे फार झालं. शालूबाई तडक भिमाजी आबांकडं गेली.

"आबा, दवाखान्याची जागा कुनाची?"

"आमच्या वडलांची!" आबा ताठ बसले.

"म्हंजी त्या घराचं माहेरपन तुमच्याकडं. मंगलला आनाया तुमीच जायचं."

आबा नाही म्हणाले असते, पण त्यांच्या मालकिणीनं आतून टोपलीच आणून ठेवली.

वाडीचा चढ उभा. आबा आणि मागोमाग मी धापा टाकत वर पोचलो तेव्हा मंगलचा सासरा शिदू उडालाच. "मालक? काय चुकलं का आमचं?"

"न्हाई रं," आबा म्हणाले. टोपली कुठं ठेवावी कळेना. "ते आपलं... लेकीला न्ह्यायला आलोय."

शिदूनं घाईनं घोंगडी अंथरली. पण त्याची बायको पुतळाबाई पदर खोचून पुढं आली. मुराळ्याला सासरच्यांनी थोडं अडवायचं असतं, ती रीतच आहे, आणि पुतळाबाई रीत सोडणाऱ्यातली नव्हे.

"बसा पाव्हणं. धाडायचं का न्हाई, बगू. घरात काम लय पडलंय. सून येकटीच कर्ती हाय."

"धाडा," आबा म्हणाले.

"आज दिस चांगला न्हाई."

"चांगलाय. म्या पंचांग बगून आलोय."

"असंल. पर मागल्या लावणीला आमीबी म्हनत हुतो, मालक, पोरास्नी ताप आलाय, घरला धाडा. तवा तुमी काय म्हनालात? एवडा वाफा हुंद्या." पुतळाबाईनं गोड हसून चहा पुढं केला. "आमचाबी येवडा वाफा हुंद्या."

अख्खी वाडी जमली होती. विकास जीपच्या किल्ल्या बोटात फिरवत जमिनीकडं बघत होता. मला वाटलं, आता आबा उठतात. आबांनी टोपी काढली, कपाळ पुसलं, कोरा चहा सगळा संपवला आणि म्हणाले, "धाडा वैनी. जपून न्हेतो."

आबांच्या तोंडून वाडीतल्या कुणाला वैनी असं त्याआधी कुणी ऐकलेलं नव्हतं. पुतळाबाईच्या तोंडावरचं हसू जरा हललं. ती आत गेली आणि मंगलच्या कपाळाला कुंकू लावून तिला घेऊन आली.

चैत्रात पाहणीला साहेब आले. सहाच्या सहा खाटा भरलेल्या, दारात पायताणांचा ढीग, पडवीत हंडा उकळतोय. त्यांनी विचारलं, "या सगळ्या कुठून आल्या?"

"माहेरवाशिणी हायेत," शालूबाई म्हणाली.

"सासर कुठं यांचं?"

तिनं खिडकीतून बोट दाखवलं. "ते काय, समोर. आन् त्याच्या बाजूला."

साहेब हसायचं नाही असं ठरवून आले असावेत. पण हसले. जाताना सिस्टरांना म्हणाले, पुढचा आदेश येईपर्यंत चालू ठेवा. पुढचा आदेश अजून आलेला नाही. तो कधीही येऊ शकतो हे आम्हाला ठाऊक आहे. पण आखाड त्याच्या आधी येणार होता, आणि शालूबाईला तेवढंच हवं होतं.

मग ती वलवणला निघाली. सोबतीला मी होतो, कारण जीपमध्ये जागा होती आणि घरात बसून काही कळत नाही. तिनं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं. टोपली मांडीवर, वाटेत एकदाही खाली ठेवली नाही.

राजीच्या सासूबाई लोणावळ्याच्या. बोलणं चिक्कीसारखं: गोड, पण दात सांभाळून घ्यावं लागतं. "अगं बाई, विहीणबाई! मुराळी कुठाय?"

"मीच."

"बाई कधी मुराळी येते का?"

"राजीला भाऊ न्हाई. बाप हाय, पर त्यो तुमच्या दारात लाजूनच मरंल."

सासूबाई हसल्या, पण टोपलीला हात लावेनात. मग आवाज उतरवून म्हणाल्या, "विहीणबाई, इतक्या वर्षांनी देवानं दिलंय. मला मोठा डॉक्टर हवाय. तुमच्या चुलीवर माझा राग नाही हो. भीती वाटते."

राजी दारात उभी होती. आईकडं बघत होती, टोपलीकडं बघत होती. शालूबाईनं टोपलीवरचं फडकं सारखं केलं. "मलाबी वाटते," ती म्हणाली. "सिस्टरनं येकदा जरी न्हाई म्हनलं, तर तवाच्या तवा मोठ्या दवाखान्यात. माजा शबुद."

तेव्हा कुठं सासूबाईंनी टोपली उचलून देवापुढं ठेवली.

राजी महिनाभर माहेरी होती. तो महिना गावानं शालूबाईला घरात बघितलं. सकाळी दवाखान्यातलं आटोपलं की घरी, दुपारी पुन्हा दवाखाना, की परत घरी. राजीचे केस विंचरायची, तिच्या आवडीची चिंचेची आमटी करायची, ती झोपली की उशाशी बसून तिच्याकडं बघायची. केरबानं अंगणात जुनं बाजलं नव्यानं विणलं. जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी दांडीवर वाळायची. कुणाच्या घरची दुपटी इतकी वेळा धुतलेली मी पाहिली नाहीत.

दिवस भरत आले. एका दुपारी राजीला तपासायला नेलं. त्याच दुपारी मंगलला कळा सुरू झाल्या होत्या, त्यामुळं पडवीत हंडा चढवलेला होता, आबा पायरीवर बसून होते आणि मी आबांना सोबत करत होतो. खोलीचं दार उघडंच होतं. सिस्टरांनी राजीच्या दंडाचा पट्टा सोडला, पुन्हा बांधला. पावलांवर बोट दाबून बघितलं. बोट उचललं तरी खळगा तसाच.

"मावशी," सिस्टर म्हणाल्या, "प्रेशर खूप वाढलंय. इथं नाही ठेवता येणार. पिंपरीला मोठ्या दवाखान्यात न्यायचं. आत्ता."

शालूबाई हसली. "सूज तर समद्यांस्नीच येती बाई. चालत आली ना ती."

सिस्टरांनी फोन उचलला.

"उद्या सकाळच्याला बगू पुन्यांदा. रातभर म्या जागते."

"नको, मावशी."

राजी खाटेवरून म्हणाली, "आई, मला हितंच ऱ्हायचंय. तू हाईस ना."

मी पायरीवरून बघत होतो. शालूबाईनं राजीच्या पावलावर स्वतः बोट दाबलं आणि खळगा भरायची वाट बघितली. तो भरेना. मग ती एकदम पोरीवर खेकसली.

"गप ऊठ. हितं ऱ्हायचंय म्हनं. खाट काय पळून चाललीय का? भाऊ, प्रदीपरावास्नी फोन लावा. थेट पिंपरीला या म्हनावं."

रुग्णवाहिका आली. राजीला आत घेतलं. शालूबाईनं एक पाय पायरीवर ठेवला, आणि आतून मंगल ओरडली. "मावशी! मावशी कुटं हाय?"

सिस्टर एकट्याच होत्या. मदतीची बाई सुटीवर. त्या दारात आल्या, पण शालूबाईला थांबा म्हणाल्या नाहीत. जा असंही म्हणाल्या नाहीत.

शालूबाईनं पाय खाली घेतला. केरबाला दंडाला धरून गाडीत ढकललं. "लाजत बसू नका तितं. इचारा समद्यांस्नी." राजीच्या तोंडावरून हात फिरवला, दार लावून घेतलं आणि वळली. वळताना मला म्हणाली, "हंड्याखाली लाकूड सारा, भाऊ. बसलाय काय बगत?"

मंगलला दिवेलागणीला मुलगा झाला. आबा पायरीवरून उठले, पुन्हा बसले, पुन्हा उठले, आणि पेढे आणायला स्वतः फाट्यावर गेले. शालूबाई मंगलची पाठ पुसत होती तेव्हा माझा फोन वाजला. पलीकडं केरबा. आधी तो रडलाच, मग म्हणाला, "पोरगी. शिजर केलं. दोगीबी बऱ्या हायेत." मी खिडकीतून सांगितलं. शालूबाईनं मान हलवली. ओलं फडकं पिळलं, पुन्हा पिळलं, त्यात पाणी राहिलं नव्हतं तरी आणखी एकदा पिळलं.

पिंपरीहून राजीला परस्पर वलवणला नेलं. टाके होते, डॉक्टरांना दाखवायला जायचं होतं, तिथून ते सोपं. सासूबाईंनी स्वतः फोन करून सांगितलं, अगदी प्रेमानं. चूक कुणाचीच नव्हती. शालूबाई एकदा जाऊन आली. नातीला मांडीवर घेतलं, संध्याकाळच्या गाडीनं परत. इथं सहाही खाटा भरलेल्या. इंदुरीच्या सुनासुद्धा आता आपणहून यायला लागल्यात. म्हणतात, ती नावं ठेवणारी मावशी कुठाय? तिच्याच हातचं पाहिजे. आपणच भरलेल्या खाटांनी बाईला बांधून टाकलं.

परवा सकाळी मी पडवीत गेलो. एका बाळाला न्हाऊ घालून झालं होतं, दुसरं यायचं होतं. शालूबाईनं फोन चुलीशेजारच्या डब्याला टेकवून उभा केला होता. पडद्यावर वलवणचं न्हाणीघर. एक लठ्ठशी बाई निळ्या प्लास्टिकच्या टबात आमच्या नातीला घालत होती.

"हातानं काय बगतीस पानी? कोपरानं बग, कोपरानं!" शालूबाई ओरडत होती. "मान धर. मान! अगं, वांगं धुतीस का काय?"

पलीकडून राजीचं हसू ऐकू आलं. "आई, त्यांना ऐकू जातंय."

"जाऊ दे. तेल कुटल्या हातानं लावतीया बग. टाळू ऱ्हायली. राजे, टाळू भराया सांग तिला. न्हाई सांगत? बरं ऱ्हाऊ दे." ती पुढं सरकली. धुराकडं तोंड आलं तरी हटली नाही. "राजे, पाय दाव गं तिचा. येकदा."

राजीनं फोन खाली नेला. पडदाभर एक इवलंसं पाऊल आलं, ओलं, तेलानं चकाकणारं, बोटं फाकलेली. शालूबाईनं आपले दोन्ही पाय लांब केले होते. ते ती न्हाऊ घालायला बसताना करते तसेच. घाटाकडं ढग होते, वलवणचं नेटवर्क गेलं. पाऊल तिथंच थांबलं, हालेना.

"आज्याचं हाय," ती म्हणाली. माझ्याशी नव्हे. "आंगठा बगा ना. वाकडा."

आतून बाळ रडायला लागलं होतं. सिस्टर दारापर्यंत आल्या, फोनकडं बघितलं आणि त्या बाळाला स्वतःच्याच खांद्यावर घेऊन, थोपटत, पडवीच्या उंबऱ्याशी उभ्या राहिल्या.